प्लांटला जाता येत नसेल तेव्हा इंटर्नल ऑडिट कसं करायचं? नव्या ऑडिटरसाठी

ऑडिट प्लॅनमध्ये पंतनगर प्लांटची तारीख लागलीय, दिल्लीचं विमान बुक झालंय, आणि चार दिवस आधी कळतं की जाता येणार नाही. कधी तिकडं पाऊस आणि रस्ता बंद, कधी प्रवासाचं बजेट कापलेलं, कधी घरी कोणीतरी आजारी. पुणे-चाकण-भोसरीच्या बऱ्याच ऑटो पार्ट कंपन्यांचा एखादा प्लांट उत्तराखंडात पंतनगरला नाहीतर तमिळनाडूत होसूरला असतो, कारण गाड्या बनवणारे तिथं आहेत आणि त्यांना माल दाराशी लागतो, म्हणून हा प्रसंग आज ना उद्या तुमच्यावर येणारच. अशा वेळी नवीन माणूस एकतर ऑडिट पुढं ढकलत राहतो, नाहीतर चेकलिस्ट मेल करतो, पलीकडून सगळ्या रकान्यांत "ओके" भरून येतं आणि ऑडिट झालं म्हणून फाइल बंद होते. हे दुसरं तर अजिबात करू नका. आपणच पेपर लिहायचा आणि आपणच तपासायचा, त्याला ऑडिट म्हणत नाहीत.

मी मशीनिंगच्या कंपनीत क्वालिटीला आहे. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला त्यानंतर पहिल्यांदा दुरून ऑडिट केलं, आणि पुढं लॉकडाऊन नसतानाही बरीच केली. त्यातून जे हाताशी आलं ते इथं लिहितोय. मुद्दा खरं तर एकच आहे. प्लांटवर गेल्यावर तुमचे डोळे तुमच्या मानेवर असतात, पाहिजे तिकडं वळतात. व्हिडिओवर तुमचे डोळे दुसऱ्याच्या हातात असतात, आणि तो हात कुठं वळायचा हे तुम्हीच सांगायला हवं. खालची सगळी तयारी त्याच्यासाठीच आहे.

आधी हे ठरवा की दुरून काय दिसेल आणि काय नाही

आयएसओ ९००१:२०१५ या क्वालिटी सिस्टिमच्या स्टँडर्डचा ९.२ क्लॉज वाचलात तर तिथं ठरलेल्या अंतरानं इंटर्नल ऑडिट करा, निःपक्षपातीपणे करा, निकाल संबंधित मॅनेजमेंटला कळवा असं आहे, प्रत्यक्ष जागेवर उभं राहूनच करा असं कुठंही नाही. ऑडिट कसं करायचं याची गाइडलाइन म्हणजे आयएसओ १९०११, तिच्या २०१८ च्या आवृत्तीत तर जागेवर जाऊन आणि दुरून अशा दोन्ही पद्धतींचा तक्ता आहे आणि व्हर्च्युअल ऑडिटवर वेगळा भाग आहे. एप्रिल २०२० मध्ये आयएसओ आणि आयएएफ (इंटरनॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन फोरम) यांच्या ऑडिटिंग प्रॅक्टिसेस ग्रुपनंही रिमोट ऑडिटवर एक छोटी मार्गदर्शिका काढली, साध्या भाषेत आहे, एकदा वाचाच. म्हणजे "असं चालतं का?" हा प्रश्न मिटला. पण तुमचा प्लांट आयएटीएफ १६९४९ (ऑटो उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) वाला असेल तर गिऱ्हाइकाच्या कस्टमर स्पेसिफिक रिक्वायरमेंटमध्ये, म्हणजे त्याच्या खास अटींत, ऑडिटबद्दल काही लिहिलंय का ते आधी तपासा, त्यांची अट तुमच्या सोयीच्या वर असते.

आता कागद घ्या आणि प्रोसेसची यादी करून त्यापुढं खुणा करा. परचेस, ट्रेनिंग, कॅलिब्रेशन रेकॉर्ड, गिऱ्हाइकाच्या तक्रारी, मॅनेजमेंट रिव्ह्यू, इंजिनिअरिंग चेंज, ही दुरून चांगली बघता येतात, उलट ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवायचं सॉफ्टवेअर) स्क्रीनवर असल्यामुळं थोडी जास्तच बारकाईनं होतात. मशीनिंग, असेंब्ली, पॅकिंग कॅमेऱ्यावर जमतं पण वेळ दुप्पट धरा. वेल्डिंग, हीट ट्रीटमेंट, पेंटिंग, प्लेटिंग इथं मात्र मी हात आखडता घेतो, कारण तिथं जे कळतं त्यातलं अर्धं वासानं, आवाजानं आणि बोट फिरवून कळतं. कूलंट नासलाय हे कॅमेरा सांगत नाही, स्पिंडलचा आवाज बदललाय हे फोनचा माइक दाबून टाकतो. अशा प्रोसेसचे रेकॉर्ड दुरून बघा आणि प्रत्यक्ष बघणं पुढच्या भेटीसाठी लिहून ठेवा, तारखेसकट. मागच्या वेळी ज्या प्रोसेसला मेजर एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे अट पाळली नसल्याची मोठी नोंद) निघाली होती किंवा जिथून तक्रारी येतायत तीही शक्यतो दुरून उरकू नका.

फोन कोणाच्या हातात

याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो आणि नवीन लोक नेमकं हेच सोडून देतात. ज्या डिपार्टमेंटचं ऑडिट आहे त्याच्याच हेडच्या हातात फोन दिला तर कॅमेरा चांगल्या बाजूला वळणार, यात त्याचा वाईट हेतू असतो असंही नाही, पाहुणे आल्यावर आपणही बाहेरची खोलीच दाखवतो. म्हणून प्लांट हेडशी आधी बोलून मेंटेनन्स किंवा स्टोअरमधला एखादा तरुण इंजिनिअर मागून घ्या, ज्याला शॉप फ्लोअर पाठ आहे पण त्या लाइनच्या रिजेक्शनचं उत्तर द्यायचं नाही. त्याच्याबरोबर आणखी एक माणूस पाहिजेच, कारण फोनमध्ये बघत चालणाऱ्याला फोर्कलिफ्ट दिसत नाही. चालताना कॅमेरा बंद नाहीतर खाली, थांबल्यावरच वर, हा नियम पहिल्याच मिनिटाला सांगा. आणि थिनर, पेंट, सॉल्व्हंटच्या स्टोअरमध्ये साधा फोन न्यायचाच नाही, तिथं ज्वलनशील वाफ असते, ऑडिटसाठी कोणाचा जीव धोक्यात घालायचा नसतो. ती जागा "पाहिली नाही" म्हणून लिहा आणि पुढं जा.

दोन दिवस आधी या माणसाबरोबर अर्ध्या तासाची रंगीत तालीम करा. पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क कुठं जातं, वाय-फाय कुठं पोचत नाही, प्रेस शॉपमध्ये काय ऐकू येतं, हे सगळं तेव्हाच कळतं. प्लांटचा लेआउट मागवून प्रिंट काढा आणि त्यावर नेटवर्क नसलेल्या जागा पेनानं गोल करा. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन, पॉवर बँक, माइकवाले इअरफोन, टॉर्च, एवढं सामान पुरतं. महागडं काही लागत नाही. "उजवीकडं", "डावीकडं" असं बोलू नका, तुमची उजवी की त्याची उजवी यात दहा मिनिटं जातात. लेआउटवरचे कॉलम नंबर वापरा, "सी-४ च्या मागं वळा" म्हटलं की तो वळतो. आणि कॅमेरा हळू फिरवायला शिकवा, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना मनात पाच आकडे मोजायचे, नाहीतर पलीकडं नुसते ठोकळे दिसतात.

रेकॉर्डिंग आणि स्क्रीनशॉटचंही आधीच बोलून घ्या. गिऱ्हाइकाची ड्रॉइंग, नवीन पार्टचे सॅम्पल, दुसऱ्या कंपनीचा माल, हे सगळं फ्रेममध्ये येतं. मी पूर्ण व्हिडिओ रेकॉर्ड करत नाही, फक्त पुरावा म्हणून लागेल तेवढा फोटो घेतो तोही विचारून, आणि तो कंपनीच्या सर्व्हरवर जातो, माझ्या फोनच्या गॅलरीत राहत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच.

प्लॅन मोकळा ठेवा

जागेवरचं एक दिवसाचं ऑडिट स्क्रीनवर एका दिवसात बसवू नका. सलग दोन तासांनंतर डोळे थकतात आणि समोरचाही "झालं का" या सुरात येतो. मी दीड तासाची बैठक, मग अर्धा तास सुट्टी, दिवसाला तीन बैठका आणि असे दोन-तीन दिवस धरतो. सुट्टीत ते त्यांचं काम करतात, मी नोट्स नीट लिहितो आणि पुढं काय मागायचं ते ठरवतो. एक बैठक मुद्दाम शिफ्ट बदलताना ठेवा. आयएटीएफमध्ये मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेस ऑडिट सगळ्या शिफ्टमध्ये करायचं आणि शिफ्ट हँडओव्हरचंही सॅम्पल घ्यायचं असं आहेच, आणि दुरून करताना सेकंड किंवा नाइट शिफ्ट बघणं उलट सोपं जातं, तुम्हाला फक्त घरी बसून जागायचं असतं.

कागदपत्रं आधी मागवा, पण कोणती ते जपून. प्रोसिजर, कंट्रोल प्लॅन (कुठं काय आणि कसं तपासायचं), पीएफएमईए (प्रोसेसमध्ये काय चुकू शकतं त्याचा तक्ता), गेजची म्हणजे माप तपासायच्या साधनांची मास्टर लिस्ट, ट्रेनिंग मॅट्रिक्स, मागच्या ऑडिटच्या एनसी, गेल्या सहा महिन्यांच्या तक्रारी, एवढं चार-पाच दिवस आधी शेअर्ड फोल्डरमध्ये येऊ द्या. याद्या मागा, सॅम्पल मागू नका. "गेज नंबर अमुकचं सर्टिफिकेट पाठवा" असं आदल्या दिवशी लिहिलं की ते सर्टिफिकेट सापडणारच, नसेल तर बनणारही. सॅम्पल तुम्ही यादीतून मनात निवडा आणि बैठकीत मागा.

बैठक सुरू झाल्यावर

ओपनिंग मीटिंग दहा-पंधरा मिनिटांची बास. स्कोप काय, वेळ काय, लाइन तुटली तर कोणाला फोन करायचा, फोटोची परवानगी, आणि एक वाक्य मनापासून सांगा की आपण सिस्टिम बघतोय, माणूस पकडायला आलेलो नाही. मग लगेच कामाला लागा.

कागद बघताना मी नेहमी मालाच्या मागच्या टोकापासून चालत येतो. ईआरपी स्क्रीन शेअर करायला लावायची, गेल्या महिन्याचं डिस्पॅच रजिस्टर उघडायचं आणि मधलाच कुठलातरी एक इनव्हॉइस मी निवडायचा. त्या लॉटचा पीडीआय (माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा) रिपोर्ट दाखवा, फायनल इन्स्पेक्शन दाखवा, त्या दिवशीचा फर्स्ट पीस अप्रूव्हल दाखवा, कोणत्या मशीनवर कोणी चालवलं, त्या ऑपरेटरचं नाव ट्रेनिंग मॅट्रिक्समध्ये आहे का, कच्च्या मालाचा हीट नंबर (धातूच्या बॅचचा नंबर) काय, त्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट कुठंय, ते कोणी तपासून घेतलं. शेजारी घड्याळ लावून ठेवायचं. चांगल्या प्लांटमध्ये ही साखळी वीस-पंचवीस मिनिटांत जुळते. जिथं एखादी कडी सापडायला तास लागतो, "सर, फाइल वर ऑफिसात आहे, मेलवर पाठवतो" असं सुरू होतं, तिथं ८.५.२ म्हणजे ओळख आणि ट्रेसेबिलिटीचा प्रश्न आहे असं समजा आणि तिथंच बसून राहा, पुढं जाऊ नका. "नंतर पाठवतो" आलं की त्याची वेळ लिहून ठेवा आणि कागद आल्यावर तो कधी बनला तेही बघा.

फ्लोअरवर गेल्यावर आधी रुंद फ्रेम घ्या, पूर्ण लाइन दिसू दे, मग जवळ जा. आणि जिथं तुम्हाला काहीतरी नीट ठेवलेलं दाखवलं जातंय तिथं "आता आहात तिथंच मागं वळा" असं म्हणा. रेड बिन (खराब पार्टची पेटी) कुलपात, टॅग लावलेली, सगळं छान, आणि मागं वळल्यावर खांबाच्या आड क्रेटमध्ये टॅग नसलेले पार्ट, हे मी एकाहून जास्त प्लांटमध्ये पाहिलंय. त्या क्रेटबद्दल विचारलं तर "रीवर्कचे आहेत" असं उत्तर मिळतं, मग रीवर्कची इन्स्ट्रक्शन कुठंय, परत कोण तपासतं, ८.७ चे, म्हणजे खराब मालाचं काय करायचं याचे, सगळे प्रश्न तिथून सुरू होतात.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, म्हणजे जवळून बघणं म्हणजे काय ते लक्षात येईल. एका प्लांटमध्ये बोअर फिनिशिंगच्या मशीनवर होतो, म्हणजे फोन होता. टेबलावर गो नो-गो प्लग गेज (बोअरचं म्हणजे भोकाचं माप तपासायचा, त्याचं गो टोक आत जायला हवं, नो-गो जाता कामा नये) ठेवलेला, स्टिकरही लावलेलं. आदल्या दिवशी आलेल्या कॅलिब्रेशन लिस्टमध्ये सगळे गेज हिरवे होते, मुदतीच्या आत. मी म्हटलं, भैया, ज़रा गेज का नंबर दिखाइए. स्टिकर तेलानं काळं पडलेलं, तारीख दिसेना. हँडलवर कोरलेला नंबर असतो तो दाखवा म्हटलं, तर तेलाच्या थरावर लाइट चमकून काहीच वाचता येईना. ऑपरेटरनं वेस्ट कॉटननं हँडल पुसलं, फोनवाल्या पोरानं समोरून टॉर्च मारला तर आणखीच चमकलं, मग टॉर्च बाजूनं आडवा धरायला सांगितला तेव्हा कोरलेल्या रेषांत सावली पडली आणि एक एक आकडा उमटला. तो नंबर लिस्टमध्येच नव्हता. मूळ गेज खाली पडून त्याला खरवड आलेली, म्हणून टूल रूमनं दुसरा दिला होता, आणि तो रजिस्टरला चढवायचा राहून गेला होता. मग मी फिनिश मालाच्या बिनमधून वरचे नको, मधले तीन पार्ट काढायला लावले आणि त्याच गेजनं माझ्यासमोर तपासायला सांगितले. दोन ठीक होते. तिसऱ्यात लाल खुणेचं टोक, नो-गो, हलकं अडकलं आणि मग आत गेलं. तो ऑपरेटर माझ्याआधी गप्प झाला.

ही लाइनवरची साधी गोष्ट आहे, पण रेकॉर्ड बघून हे कधीच कळलं नसतं, रेकॉर्ड तर हिरवं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक ऑडिटमध्ये किमान पाच गेज यादीतून जागेवर आणि पाच जागेवरून यादीत असे दोन्ही बाजूंनी जुळवतो.

माणसांशी बोलताना

पंतनगरला हिंदी चालते, होसूरला तमिळ किंवा कन्नड बोलणारा कोणीतरी बरोबर घ्यावा लागतो, आणि आपल्या चाकणलाही लाइनवर ओडिशा-बिहारची मुलं असतात तेव्हा मराठीतच प्रश्न रेटू नका. ऑपरेटर मशीनजवळच असू दे, त्याला दाखवत दाखवत बोलता येतं आणि तो मोकळा होतो. सुपरवायझरला मात्र हात जोडून दहा पावलं लांब उभं राहायची विनंती करा, नाहीतर प्रत्येक उत्तराआधी ऑपरेटरची नजर तिकडं जाते आणि कॅमेऱ्यात तेही दिसतं. "वर्क इन्स्ट्रक्शन वाचलीत का?" असं विचारलं तर "हो" एवढंच मिळतं. त्याऐवजी "हा पार्ट खराब निघाला तर आत्ता काय कराल, करून दाखवा", "सकाळी मशीन सुरू करताना पहिलं काय करता", "मागच्या आठवड्यात काय त्रास झाला" असं विचारा आणि गप्प बसा. व्हिडिओवर आवाज उशिरा पोचतो, ती शांतता आपल्याला खटकते आणि आपण मध्येच बोलून त्याचं उत्तर तोडतो. तीन सेकंद थांबायची सवय लावा.

प्लग गेजवाल्या त्या ऑपरेटरचं नाव मी रिपोर्टमध्ये लिहिलं नाही. त्यानं मिळालेला गेज वापरला, चूक सिस्टिमची होती. ऑपरेटर एकदा तुम्हाला घाबरला की पुढच्या वर्षी तो प्लांट तुम्हाला काहीच सांगणार नाही, आणि दुरून ऑडिट करणाऱ्याला तर सांगणाऱ्या माणसांशिवाय दुसरं आहेच काय.

नोट्स आणि रिपोर्ट

प्रत्येक नोंदीला वेळ, जागा, ऑपरेशन नंबर, डॉक्युमेंट किंवा गेजचा नंबर, आणि कसं पाहिलं ते लिहा: लाइव्ह व्हिडिओ, शेअर केलेली स्क्रीन, की पाठवलेली फाइल. हे तीन पुरावे एका वजनाचे नाहीत आणि वाचणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

एनसी लिहिताना अट काय, काय दिसलं, आणि काय चुकलं हे तीन तुकडे वेगळे ठेवा. वरच्या प्रसंगाची एनसी साधारण अशी होईल: आयएसओ ९००१:२०१५, ७.१.५.२ प्रमाणे मापनाची साधनं ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेट झालेली आणि त्यांची स्थिती ओळखता येईल अशी हवीत. बोअर फिनिशिंगला वापरात असलेला प्लग गेज मास्टर लिस्टमध्ये नाही, त्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मिळालं नाही. गेज बदलल्यावर तो नोंदवून मगच लाइनला देण्याची पद्धत पाळली जात नाही. बस एवढंच. "कॅलिब्रेशन सिस्टिम कमकुवत आहे" असली मोघम वाक्यं नकोत, त्याच्यावर कोणी काम करू शकत नाही. आणि त्याच क्लॉजमध्ये पुढं असंही आहे की साधन सदोष निघालं तर त्यानं आधी केलेल्या मोजमापांवर परिणाम झाला का ते ठरवा, म्हणजे तो गेज आल्यापासूनचा माल कुठं कुठं गेला, हे विचारायला विसरू नका. नवीन ऑडिटर बहुतेक इथंच थांबतात, गेज कॅलिब्रेट करून आणला, क्लोज. मधल्या काळात गेलेल्या मालाचं काय?

रिपोर्टमध्ये "न पाहिलेलं" असा एक वेगळा भाग ठेवा. नेटवर्क तुटल्यामुळं राहिलेलं, फोन नेता न आल्यामुळं राहिलेलं, वेळ संपल्यामुळं राहिलेलं. आयएसओ १९०११ मध्येही स्कोपमधलं जे कव्हर झालं नाही ते कारणासकट रिपोर्टमध्ये देता येतं असं आहे. काही जणांना वाटतं यानं आपलं ऑडिट कच्चं दिसेल. मला उलट वाटतं, हा भाग नसलेला रिमोट ऑडिट रिपोर्ट मी विश्वासानं वाचूच शकत नाही.

क्लोजिंग मीटिंगला प्रत्येक एनसी स्क्रीनवर लिहिलेली दाखवा आणि शब्दांवर तिथंच एकमत करून घ्या, नुसतं तोंडी सांगितलं की नंतर फोन सुरू होतात.

पुढची गोष्ट म्हणजे क्लोजर. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी लावून पाठवला जातो, नवीन टॅग, नवीन रंग, चकाचक. तो करेक्शनचा, म्हणजे समोरची चूक दुरुस्त केल्याचा, पुरावा झाला. कारण गेलं का ते महिना-दोन महिन्यांनी कळतं, म्हणून मी कॅलेंडरमध्ये तारीख टाकून ठेवतो आणि त्या दिवशी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल मागतो, तोही अर्धा तास आधी सांगून. टूल रूमच्या इश्यू रजिस्टरमधले शेवटचे पाच गेज आणि मास्टर लिस्ट, एवढंच समोर ठेवायला सांगतो. पाचही जुळले तर एनसी बंद, एकही नाही जुळला तर पुन्हा उघडी, आणि मग त्या प्लांटचं तिकीट आधी काढायचं.